चिचटोल्याची जागल आणि अप्पांची कविता

माझ्या सासूबाई तमिळ आहेत आणि हट्टी आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं माझा नवरा म्हणतो. पण त्याचे मामाही तसेच आहेत, तेव्हा मी माझं मत राखून ठेवलंय. लग्न होऊन नागपुरात आलेल्या अम्मा आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. भाजीवाल्याशी अस्सल नागपुरीत भांडतात, आकडेमोड तेवढी अजून तमिळमध्ये करतात.

यंदा दिवाळीत मामांचा फोन आला. अप्पांच्या, म्हणजे या दोघांच्या वडलांच्या, कवितांची नवी आवृत्ती निघतेय आणि प्रस्तावना अम्मांनी लिहायची. अम्मा म्हणाल्या, लिहीन, पण आधी ते जंगल बघून येईन. फोन ठेवला आणि मला विचारलं, आलापल्लीला गाडी जाते ना? नवऱ्याला सुट्टी नव्हती. खरं सांगायचं तर बरंच झालं, तो शेजारी बसून ब्रेक मारत असतो.

अप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. तंजावूरच्या पलीकडच्या एका लहान गावात ते कारकून होते. इंग्रजांचं राज्य होतं आणि हे जत्रेत उभे राहून स्वराज्याची गाणी म्हणायचे. नोकरी गेली. बल्लारशाला रेल्वेत असलेल्या एका नातेवाइकानं त्यांना बोलावून घेतलं, आणि एका लाकूड ठेकेदारानं आलापल्लीच्या खालच्या अंगाला, चिचटोला नावाच्या गावातल्या डेपोवर मुनशी म्हणून ठेवलं. काही वर्षांनी ते गावी परतले, ते एक कविता घेऊन. तिनं त्यांना नाव दिलं आणि तुरुंगही दाखवला. स्वातंत्र्यानंतर शाळेत मास्तर झाले, गेल्यावर गावच्या चौकात अर्धपुतळा झाला. ती कविता त्या भागातल्या शाळांमधून पंधरा ऑगस्टला अजून म्हणतात.

कविता धानात घुसलेल्या रानडुकराला उद्देशून आहे. अम्मांनी मला तिचा अर्थ असा सांगितला होता:

बांध तुडवून आलास, न विचारता आलास,
घाम आमचा, मग दाणा तुझा कसा?
ऊठ, आल्या वाटेनं जा. रात्र मोठी आहे.
शेजारच्या शेतात कुणी जागं आहे का?

डुक्कर म्हणजे कोण, हे शाळकरी पोरालाही कळत होतं. घरात एक किस्सा सांगतात, की कोर्टात अप्पांना विचारलं, डुक्कर म्हणजे कोण, तर ते म्हणाले, साहेब, डुक्कर म्हणजे डुक्कर.

भांडण आहे ते शेवटच्या ओळीवरून. प्रत्येक कडव्याच्या शेवटी हाच प्रश्न येतो, आणि कविता त्या प्रश्नावरच संपते. मामांचं म्हणणं, ते मुद्दामच आहे. अंधारात एकटा उभा असलेला देशभक्त विचारतो आणि कुणी उत्तर देत नाही, हीच कवितेची ताकद. विद्वानांनी त्यावर भरभरून लिहिलंय. अम्मांना ते कधीच पटलं नाही. अप्पा काही अर्धवट सोडणारे नव्हते, त्यांना कुणाच्या ताटातला भातसुद्धा अर्धा राहिलेला खपत नसे. काहीतरी राहून गेलंय, आणि ते काय हे कळल्याशिवाय प्रस्तावनेत एक ओळ लिहिणार नाही, असं त्यांनी भावाला सुनावलं होतं.

पहिला दिवस: नागपूर ते बल्लारशा

भाऊबीज आटोपून सकाळी लवकर निघालो. रस्ता सरळ आहे: बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. जामला तर्री-पोहे खाल्ले. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी तर्री वेगळी मागून घ्यावी. अम्मांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. चंद्रपूर जवळ येऊ लागलं की हवेत कोळशाचा वास आणि रस्त्याच्या कडेला काळपट धूळ दिसायला लागते. आम्ही शहरात थांबलो नाही. ताडोबाला जाणारे इथून वळतात, त्यांना आमच्या शुभेच्छा.

बल्लारशाला स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. साधी, स्वच्छ, हजाराच्या आत. सामान टाकलं नाही तोच अम्मांना फलाटावर जायचं होतं. अप्पा इथंच उतरले होते ना. आम्ही फलाट तिकीट काढून बाकावर बसलो आणि थोड्या वेळानं दक्षिणेकडे जाणारी गाडी आली. खिडकीतला एक तमिळ गृहस्थ इडलीवाल्याला मोडक्या हिंदीत चटणी ताजी आहे का विचारत होता आणि दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं. अम्मांनी मध्ये पडून तमिळमध्ये सोडवलं. मग गप्पा सुरू झाल्या. इथं कुठं, जंगलात? अम्मांनी वडलांचं नाव सांगितलं. तो गृहस्थ उठून उभा राहिला आणि खिडकीतूनच कवितेच्या पहिल्या दोन ओळी म्हणाला. त्याची बायको तिसरी म्हणाली. गाडी सुटली तेव्हा इडलीवाल्यासकट सगळे हसत होते.

अम्मा लॉजपर्यंत चालत आल्या, तेही ताठ मानेनं. मला त्यांचा इतका हेवा वाटला, की मी माझ्या वडलांना फोन करून उगाच विचारलं, तुम्ही कधी काही लिहिलंय का? ते म्हणाले, विजेच्या बिलाची तक्रार.

दुसरा दिवस: आलापल्ली

कोठारी, गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टी, आणि तिथून आलापल्ली. गोंडपिपरीत गाडीची टाकी भरून घ्या, आणि थोडी रोकड जवळ ठेवा. पुलावर थांबू नये म्हणतात, पण आम्ही अलीकडं गाडी लावून नदी बघितली. पाऊस सरून काही आठवडे झाले होते आणि वैनगंगा अजून भरलेली, संथ. अम्मा म्हणाल्या, कावेरीला आता एवढं पाणी नसतं.

आष्टीनंतर माझी परीक्षा सुरू झाली. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज घेऊन येणारे ट्रक समोरून एकामागून एक येतात. लाल धूळ, खड्डे, आणि खड्डा चुकवायला ट्रक आपल्या बाजूला. मी तोंडानं जे काही बोलत होते ते अम्मांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. या रस्त्यावर घाई करू नका आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा.

आलापल्लीत सुनंदाताई रामटेकेंकडं उतरलो. माझ्या मैत्रिणीची ही थोरली बहीण, इथल्या हायस्कुलात शिकवते. पहिली नेमणूक आतल्या खेड्यांत झाल्यामुळे तिला गोंडी चांगली येते. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी आणि जवसाची चटणी. अम्मांनी भातात वरण कालवून हातानं गोळे करून खाल्ले, तेव्हा सुनंदाताई म्हणाली, आमच्याकडं पण असंच खातात, बरं वाटलं. चिचटोल्यात तिनं आधीच निरोप धाडला होता. तिथं अजून धानाची जागल चालते, म्हणजे पीक कापणीला येईपर्यंत शेतात मचाण घालून राखण करतात, आणि डेपोच्या काळातल्या एक आजी अजून आहेत, एवढं तिला कळलं होतं.

तिसरा दिवस: चिचटोला

सुनंदाताईही आमच्याबरोबर आली. डांबरी रस्ता सोडला की सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं. मग एकदम उघडं होतं आणि पिवळं धान दिसतं. या भागात धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. गाव लहानसं, अंगणं सारवलेली, वेशीजवळ मोठी चिंच. डेपोचा आता मागमूसही नाही, नुसतं मोकळं मैदान आहे. तिथं पोरं व्हॉलीबॉल खेळतात.

लच्चीबाई मडावी नव्वदीच्या असाव्यात. बाजेवर ऊन खात बसल्या होत्या. त्यांचा नातू दिवाकर, चाळिशीचा शेतकरी, त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि खुर्च्या मांडल्या. सुनंदाताईनं गोंडीत सांगितलं की या बाई म्हणजे डेपोवरच्या बाबूंची मुलगी. लच्चीबाईंनी अम्मांना नीट न्याहाळून घेतलं.

"मद्रासी बाबू," त्या म्हणाल्या. "त्याले वळखनारे सारे गेले. मीच राह्यली."

नागपुरात कुणी मद्रासी म्हटलं की अम्मा सुनावल्याशिवाय राहत नाहीत. इथं नुसता पदर सावरून त्या बसल्या, आणि ज्यासाठी एवढ्या लांब आल्या होत्या ते काम त्यांनी केलं. वडलांची कविता पहिल्यापासून म्हणायला घेतली. त्यांचा आवाज चांगला आहे. अंगणात बायका जमल्या. मला वाटलं, आता या सगळ्यांना समजावून सांगायला लागेल.

पहिलं कडवं संपायच्या आत लच्चीबाई हसायला लागल्या. मग त्यांनीही म्हणायला सुरुवात केली, गोंडीत. चाल तीच. मागे उभ्या असलेल्या बायकांनीही सूर धरला. अम्मांची तमिळ थांबली आणि त्या ऐकत राहिल्या. डुकराला तमिळमध्ये पन्री म्हणतात, गोंडीत पद्दी. तेवढा शब्द मलाही कळला. बाकीचं सुनंदाताई हळूहळू सांगत गेली: बांध तुडवून आलास, घाम आमचा, आल्या वाटेनं जा.

मी विचारलं, हे गाणं बाबूंनी शिकवलं का? माझ्या आवाजात आशा होती, हे कबूल करते. लच्चीबाई म्हणाल्या, नाही, हे तर जागलीचं गाणं, त्यांच्या आज्याचा आजाही म्हणायचा. डुक्कर आलं की म्हणायचं. दुसऱ्या कशाबद्दल कशाला असेल? म्हणजे कोर्टात अप्पा अगदी खरं बोलले होते. एरवी मला यावर खूप हसू आलं असतं.

मग लच्चीबाईंनी अम्मांना विचारलं, "पन तू एकटीच काऊन म्हनत होतीस, बाई? हे एकट्यानं म्हनाचं गानं नोहे."

अम्मा उठल्या आणि चिंचेखाली जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. त्या म्हणाल्या, "उचललीय गं अप्पांनी. अख्खी." मी म्हटलं, भाषांतर म्हणूया. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की मी शब्द मागे घेतला. परवा फलाटावरून ताठ मानेनं निघालेली बाई आज चिंचेच्या मुळावर बसून पायाच्या बोटांकडं बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि अप्पांचा रागही आला. एक ओळ लिहायला काय झालं होतं, की हे गाणं चिचटोल्याचं आहे?

भावाला काय सांगायचं, हेच त्यांच्या डोक्यात होतं. तो म्हणेल, गप्प राहा, कुणाला कळणार आहे.

लगेच परतावं असं मला वाटत होतं. पण दिवाकर म्हणाला, आलाच आहात तर जागल बघून जा, आणि मुक्काम इथंच करा. जेवण झालं. दुपारभर अम्मा पडून होत्या, झोपल्या नव्हत्या. ऊन कललं तेव्हा त्या आपण होऊन उठल्या आणि म्हणाल्या, चल, बघू तरी.

दिवाकरचं मचाण गावाच्या कडेलाच आहे. लच्चीबाईही काठी टेकत आल्या. समोर बांध्या पायरीपायरीनं नाल्यापर्यंत उतरत जातात आणि पलीकडं जंगल. ठिकठिकाणी मचाणं. काहींनी लुकलुकणारे दिवे लावलेत, एकानं रेडिओ टांगलाय. दिवाकरनं आम्हाला पद्धत समजावली. गाणं एकानं सुरू करायचं, कडवं म्हणायचं आणि शेवटी विचारायचं, शेजारी कुणी जागं आहे का. पुढच्या बांधीवाल्यानं जवाब द्यायचा आणि पुढचं कडवं म्हणून त्याच्या पुढच्याला विचारायचं. असं नाल्यापर्यंत. जवाब आला नाही तर समजायचं, झोपला तरी असेल किंवा काही झालं तरी असेल, आणि मग दोघं-तिघं बॅटऱ्या घेऊन तिकडं जातात. मागं एक जण असाच साप चावलेला सापडला आणि वाचला.

मी विचारलं, आता मोबाइल आहेत की.

"रेंज कुठी आहे इथी?" दिवाकर म्हणाला. "टावर आला का बंद होईन मंग हे."

अम्मा त्याच्याकडं वळल्या. "म्हणजे उत्तर असतं," त्या म्हणाल्या.

"असतेच ना बाई. नाईतर पुसाचं कायले?"

सूर्य जंगलामागं गेला. दिवाकरनं मचाणावर उभं राहून तोंडाभोवती हात धरले आणि पहिलं कडवं म्हटलं. शेवटी प्रश्न. पलीकडच्या बांधीतून एका म्हाताऱ्याचा जवाब आला, गोंडीत. सुनंदाताईनं सांगितलं, 'जागा आहे, डोळे उघडे आहेत.' त्यानं पुढं विचारलं. त्याच्या पुढून एका बाईचा आवाज: 'जागी आहे, शेकोटी पेटली आहे.' प्रत्येक बांधीचा जवाब वेगळा, आणि ठरलेला. माणसं बदलतात, बांधीचा जवाब बदलत नाही. आवाज लांब जात जात बारीक होत गेले. शेवटचा प्रश्न नाल्याकाठच्या बांधीला गेला. मग तिकडून एका तरुण गळ्यातून लांबवलेला जवाब आला:

"नान इरुक्केऽऽन."

अम्मांनी माझं मनगट धरलं. मला दोनचार तमिळ शब्द येतात, हे त्यांतलेच. तरी मी सुनंदाताईकडं बघितलं. ती म्हणाली, हे गोंडी नाही, मला माहीत नाही.

लच्चीबाईंनी सगळं सांगितलं, संथपणे, मध्ये मध्ये आठवत. नाल्याकाठची बांधी एका विधवा बाईची होती. तिच्याकडं जागलीला माणूस नव्हतं, त्यामुळं साखळी तिथं तुटायची आणि डुकरं तिथूनच शिरायची. मद्रासी बाबू डेपोचं काम संपलं की तिथं जाऊन बसायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. गाणं त्याला नुसतं ऐकून कळायला लागलं, पण जवाबाचे शब्द जिभेवर बसत नव्हते, म्हणून तो आपल्या बोलीत ओरडायचा. पोरं हसायची, लच्चीबाईही हसायच्या. तो होता तोवर दर हंगामाला तिथून हाच जवाब यायचा. पुढं बाबू गेला, बाई गेली, बांधी दुसऱ्याकडं आली. जवाब राहिला.

अम्मांनी विचारलं, त्याचा अर्थ माहीत आहे का तुम्हाला?

"अर्थ कायचा? त्या बांधीचा जवाब आहे तो."

"मी आहे," अम्मा म्हणाल्या. "त्याचा अर्थ, मी आहे."

लच्चीबाईंनी मान हलवली. "मंग बरोबरच आहे," त्या म्हणाल्या.

अम्मा रडल्या. मीही रडले, लपवायचं काय त्यात. दिवाकर भला माणूस, तो शेकोटीचं लाकूड सारखं करत बसला. मग अम्मांनी त्याला विचारलं, मी एकदा म्हणू का? त्यानं त्यांना मचाणाच्या शिडीच्या दोन पायऱ्या चढवलं. अम्मांनी तमिळमध्ये कडवं म्हटलं आणि प्रश्न विचारला, त्यांच्या वडलांच्या शब्दांत. शेजारच्या बांधीतल्या म्हाताऱ्यानं जराही न अडखळता गोंडीत जवाब दिला आणि साखळी पुन्हा सुरू झाली.

परत

परतीचं वर्णन करत नाही, तेच ट्रक, तेच खड्डे. जाणाऱ्यांसाठी एवढंच: दिवाळीनंतर धान कापून व्हायच्या आत जा. गावात ओळखीचं कुणी घेऊन जा, आगाऊ निरोप द्या, आणि जागल म्हणजे कार्यक्रम नव्हे हे लक्षात ठेवा. आम्ही मचाणाचा एकही व्हिडिओ काढला नाही. मुक्कामाबद्दल पैसे विचारले तर लच्चीबाई रागावल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी अम्मांनी त्यांच्या चुलीवर सगळ्यांसाठी लेमन राइस केला. दिवाकरला तो फारसा आवडला नाही, पण संपवला.

घरी आल्यावर अम्मांनी प्रस्तावना लिहिली. सगळं लिहिलं: गाणं कुणाचं, अप्पांनी कुठं ऐकलं, त्यांनी ते सांगितलं नाही हे बरोबर केलं नाही. आणि नाल्याकाठच्या बांधीबद्दलही लिहिलं. मी विचारलं, अप्पांनी मग कवितेत उत्तर का नाही घातलं? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. गावी परतल्यावर विचारणारे ते एकटेच असतील, पलीकडून कुणाचं उत्तर आलंच नसेल. मग म्हणाल्या, किंवा ते ऐकणाऱ्यावर सोपवलं असेल आणि आम्ही इतकी वर्षं नुसत्या टाळ्या वाजवल्या.

मामा भडकले. वडलांच्या पुतळ्याला मुलीनंच काळं फासायचं का, असं विचारलं. तुझी प्रस्तावना नको, म्हणाले. अम्मा म्हणाल्या, मग पुस्तकाला माझी संमतीही नको धरू. त्यानंतर दोघं बोलेनात. दर रविवारी वाजणारा फोन वाजला नाही, आणि अम्मा दर रविवारी तो जवळ घेऊन बसत. या सहलीचा मला पश्चात्ताप होऊ लागला होता. भाऊ-बहीण या वयात एका कवितेवरून तुटले तर मी काय करणार होते?

परवा संध्याकाळी फोन आला. अम्मा वांगी चिरत होत्या, म्हणून मी स्पीकर लावला. मामांनी कशी आहेस विचारलं नाही. पुस्तकाची मुद्रितं आलीत, म्हणाले, शेवटची कविता वाचतो, चुका असतील तर सांग. शीर्षकाखाली चिचटोल्याचं नाव त्यांनी वाचलं. अम्मांची सुरी थांबली. मग त्यांनी कविता वाचली, मास्तरी आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून. शेवटच्या प्रश्नापर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, लाइन गेली. लाइन गेली नव्हती. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

अम्मा म्हणाल्या, "नान इरुक्केन."

"बरं," मामा म्हणाले. आणि त्यांनी अम्मांची प्रस्तावना वाचायला घेतली.